आमरीची तहान

सांगलीच्या वखार भागात हळदीच्या एका जुन्या पेढीमागे राहणाऱ्या थोरल्या बाईंना साठीनिमित्त लेकीने साताऱ्याहून एक कुंडी पाठवली. जाड हिरवी पाच पाने, मधून निघालेली लवती दांडी आणि तिच्यावर पतंग बसावेत तशी पांढरी फुले. हे ऑर्किड; आपल्याकडे त्याला आमरी म्हणतात. कुंडीत मिळणाऱ्या या जातीचे नाव फॅलेनॉप्सिस, म्हणजेच पतंगासारखी दिसणारी.

लेक सासरी जाऊन दोन वर्षे झाली होती. साताऱ्याचा रस्ता अडीच-तीन तासांचा. पण आईच्या मनाला तो लांब वाटे. म्हणून रोज सकाळी एक फोन आणि संध्याकाळी एक. जेवलीस का, सासूबाई काय म्हणाल्या, खोकला गेला का? उत्तरे दिवसेंदिवस आखूड होत होती, हे बाईंच्या लक्षात येत नव्हते.

कुंडीचीही त्यांनी तशीच सेवा मांडली. सकाळी तुळशीला पाणी घातले की उरलेले गाळलेले पाणी आमरीला. सूर्यास्तापूर्वी पुन्हा अर्धा तांब्या. दोन महिन्यांनी फुले गळाली, ते रीतीनेच झाले. पण मग पाने मऊ पडून लोंबू लागली. तहानलेली दिसते, असे म्हणून बाईंनी पाणी वाढवले. आषाढात खालचे पान पिवळे होऊन हातात आले, तेव्हा शेठजींनी कुंडी उपडी केली. मुळे तपकिरी, लिबलिबीत झालेली. बोटांत धरली की साल निघून नुसता दोरा उरे.

“पाण्याने गेली,” शेठजी म्हणाले. “२००५ च्या पुरात हरिपूरची पेवं अशीच गेली. कोरड्यात वर्षानुवर्षं टिकणारी हळद पाण्याने गेली.”

बाई गप्प राहिल्या. ज्या घरात पाणी गाळल्यावाचून वापरत नाहीत, पाऊल टाकताना खाली पाहतात, त्या घरात एका एकेंद्रिय जीवाला त्यांनी स्वतःच्या हातांनी बुडवले होते. आणि तेही मायेने. कुजलेली मुळे पाणी शोषत नाहीत, म्हणून पाने सुकतात. पाने सुकली की माणूस आणखी पाणी घालतो. हा फेरा त्यांना आता उमगला. दोन मुळे अजून टणक होती. बाकीची कापून, रोप दोन दिवस सावलीत कोरडे ठेवून, त्यांनी ते लाकडाच्या सालींत आणि कोळशाच्या तुकड्यांत बसवले. आमरीला बागेतली माती चालत नाही, हेही त्यांना त्याच वेळी कळले.

पर्युषण आटोपल्यावर बाई लेकीकडे गेल्या. एका सकाळी दोघी कासच्या पठारावर गेल्या. साताऱ्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवरचे हे पठार जांभ्या खडकाचे, मातीचा थर अगदी पातळ. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात कासही आहे. गवतातून हबेनारियाचे तुरे वर आले होते. ही जमिनीवरची आमरी; दांडीच्या एकाच बाजूला दाते असल्यासारखी तिची पांढरी फुले दिसतात. या कुळातल्या एका जातीला तर पाचगणीचेच नाव मिळाले आहे. ते सांतापाव आणि कपाडिया या अभ्यासकांनी दिले. ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हा १९६६ चा ग्रंथही त्यांचाच.

“पाऊस संपला की हे सगळं नाहीसं होतं,” लेक म्हणाली. “खाली कंद राहतो. पुढच्या पावसापर्यंतचा सगळा जीव त्यात साठवलेला असतो.”

बाई वाकून पाहत होत्या. “एकच न्यावा का गं? घरचं गेलं तर...”

लेक हलक्या आवाजात म्हणाली, “आई, घरात आपण कंद चिरत नाही. इथे उपटायचा का?”

बाईंचा पुढे केलेला हात मागे आला. उपटून नेला असता तरी तो जगण्याची आशा थोडीच होती. आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते, त्यात अन्नाचा साठा नसतो. रानात विशिष्ट बुरशीची सोबत मिळाली तरच ते रुजते, आणि पुढेही ही झाडे बहुधा तिच्याशी बांधलेली राहतात. १९२२ साली अमेरिकेतील लुईस नडसन यांनी साखर व क्षार घातलेल्या माध्यमावर, बुरशीवाचून हे बी रुजवून दाखवले. बाजारातली रोपे आज प्रयोगशाळेत तयार होऊ शकतात, ती या वाटेने. माल कुठून आला हे विचारल्याशिवाय व्यापारी पोत्याला हात लावत नाही. आमरी विकत घेतानाही तोच प्रश्न विचारायला हवा.

परतताना रस्त्याकडेच्या एका झाडावर लेकीने बोट दाखवले. फांदीला बिलगून एक आमरी वाढली होती.

“बांडगूळ,” बाई म्हणाल्या.

“नाही. बांडगूळ झाडाचा रस घेतं. ही फक्त बसायला जागा घेते. पाऊस आला की मुळं पितात, आणि मग वाऱ्यावर वाळतात. आपली कुंडीतलीही अशीच झाडावर राहणारी.”

बाईंनी मुळे निरखली. पावसाने भिजलेली हिरवट, आडोशाची कोरडी रुपेरी. मुळाभोवतीचे स्पंजासारखे आवरण पाणी प्याले की आतला हिरवा रंग दिसतो. वाळले की रुपेरी होते. तहान लागली की नाही, हे झाड स्वतः सांगत होते.

लेक तिथेच, झाडाकडे पाहत म्हणाली, “रोज दोनदा विचारलंस की ‘बरं आहे’ एवढंच तोंडात येतं, आई. बरं नसतं तेव्हाही.”

बाईंनी त्यावर काहीच विचारले नाही. मग उतारावर, बऱ्याच वेळाने, लेकीने आपणहून गेल्या वर्षाचे सांगायला सुरुवात केली.

सांगलीच्या घरात आता कुंडी पूर्वेच्या खिडकीत, पातळ पडद्याआड असते. शेठजी सकाळी ती हातात तोलून पाहतात. पोत्याचे वजन हाताला कळणाऱ्या माणसाला कुंडी हलकी झाली की नाही हे सांगावे लागत नाही. हलकी झाली आणि मुळे रुपेरी दिसली की सकाळीच पाणी, तेही भरपूर. मग सगळे निथळू द्यायचे, पानांच्या बेचक्यात थेंब राहू द्यायचा नाही. पावसाळ्यात आठ-दहा दिवसही थांबावे लागते, उन्हाळ्यात तीन-चार. कोरड्या हवेसाठी खाली खड्यांची पाणी भरलेली ताटली असते, पण कुंडीचे बूड पाण्याला टेकत नाही. एकदा पिठ्या ढेकूण दिसले. बाईंनी औषध न फवारता मऊ कुंचल्याने ते अलगद उचलून बाहेर कुंपणावर सोडले. त्यासाठी महिनाभर रोज पाने उलटून पाहावी लागली.

संध्याकाळी फोनकडे हात जातो, अजूनही. कधी तो उचलला जातो, कधी तसाच राहतो. रविवारी साताऱ्याहून फोन येतो आणि तो लवकर संपत नाही.

त्या हिवाळ्यात आमरीला फूल आले नाही. पण पौषात एका सकाळी पानाच्या बुडातून हिरव्या टोकाचे नवे मूळ बाहेर आलेले दिसले. ते कुंडीत न शिरता खिडकीकडे, हवेतच वाढत होते. बाईंनी त्याला वळवले नाही.