पायांची पावती

प्रवासाला निघण्यापूर्वी सामान बांधणे हा पुष्कळांच्या आवडीचा उद्योग असतो. माझ्या आईच्या मते तर खरा प्रवास तेवढाच. पुढे सगळा नुसता खर्च! पण ज्या प्रवासात आपले पायच सामानात द्यावे लागतात, त्याची बांधाबांध कशी करावी हे तिलाही सांगता येईना. 2025 च्या फेब्रुवारीत दिल्लीला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरणार होते. 1954 साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या संमेलनानंतर दिल्लीला हा मान सत्तर वर्षांनी मिळत होता. वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या बाईला जावेसे वाटले, यात नवल नाही. पुण्याहून साहित्यिकांसाठी खास आगगाडी सुटणार होती. पण आगगाडीच्या डब्याच्या पायऱ्या आणि आतली चिंचोळी वाट यांच्याशी माझ्या खुर्चीचे जन्मजात वैर आहे. म्हणून मी विमानाचे तिकीट काढले आणि पंधरा दिवस झोप घालवून बसले.

आमच्या अंथुर्ण्याला विमानाचे अप्रूप नाही. बारामतीहून उडणारी शिकाऊ विमाने या बाजूच्या उसावरून घिरट्या घालतात. 2022 च्या जुलैत तर असले एक विमान आमच्याच इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात येऊन आदळले. चालवणारी एक तरुण मुलगी. दैव बलवत्तर म्हणून किरकोळ दुखापतीवर निभावले. पाहायला माणसांची ही गर्दी! शेजारच्या वालचंदनगरची तर बातच वेगळी. ज्या शेठ वालचंद हिराचंदांनी तिथे साखरेचा कारखाना उभा केला, त्यांनीच 1940 साली बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. असे असून विमानात बसायची पाळी आली तेव्हा सल्ला विचारायला गावात माणूस सापडेना. म्हणजे बसून आलेले होते, नाही असे नाही. पण खुर्चीसकट कोण गेले होते?

खुर्चीविषयी आधी दोन शब्द सांगायला हवेत. मला वयाच्या दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला. आपल्या देशातला पोलिओचा अखेरचा रोगी 2011 च्या जानेवारीत सापडला आणि 2014 च्या मार्चमध्ये देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, तेव्हा आम्हां मंडळींची पिढी आता संपत आली म्हणायची. पण ज्या हातांनी चाळीस वर्षे पायांचे काम केले ते हात पुढे दमू लागतात, हे मला कुणी सांगितले नव्हते. तसे ते दमले, आणि चार वर्षांपूर्वी मी विजेवर चालणारी खुर्ची घेतली. 'विजेची खुर्ची' म्हटले की लोकांना अमेरिकेतली देहान्ताची शिक्षा आठवते, म्हणून मी नसीमा हुरजूक यांच्या आत्मकथनाचेच नाव उसने घेते : 'चाकाची खुर्ची'. वजन चौतीस किलो. उजव्या हाताशी एक छोटी दांडी. ती बोटभर पुढे लोटली की मी पुढे जाते. वर्गात, वाचनालयात, कालव्याच्या कडेने संध्याकाळी. 'जरा ढकलता का?' हे वाक्य माझ्या आयुष्यातून त्या दिवशी गेले, आणि ते परत येऊ नये यासाठी मी काहीही करीन.

विमान कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"मॅडम, व्हीलचेअर आम्ही देऊ. तुमची आणायची काही गरज नाही."

"आणि दिल्लीत उतरल्यावर?"

"बाहेरच्या दारापर्यंत आमचा माणूस सोडील."

"अन् दारापासून पुढे तीन दिवस?"

यावर त्या गोड आवाजाने मला तीन मिनिटे संगीत ऐकवले. मग दुसरा आवाज आला. त्याने विचारले, बॅटरी ओली की सुकी? मी म्हटले, लिथियमची. तो म्हणाला, मग नेता येणार नाही. दुसऱ्या दिवशी तिसरा म्हणाला, येईल, पण खुर्चीतच राहू द्या. चौथा म्हणाला, काढून हातात घ्या. एकाच प्रश्नाची चार उत्तरे विद्यार्थी देतात तेव्हा मी धडा पुन्हा वाचायला सांगते. तोच उपाय स्वतःवर केला.

धडा असा निघाला. जी लिथियमची बॅटरी खुर्चीतून काढून घेण्यासारखी असते, ती काढून प्रवाशाने आपल्याबरोबर विमानात वर न्यावी; खाली मालाच्या कप्प्यात ठेवू नये. कारण ही बॅटरी कधी पेटलीच, तर वर निदान माणसांच्या लक्षात येते आणि विझवता येते. एकच बॅटरी असेल तर ती 300 वॅट-तासांच्या आतली हवी; दोन असतील तर प्रत्येकी 160 च्या आत. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम सांगतो की कंपनीला अठ्ठेचाळीस तास आधी कळवावे, आणि अशा साधनाला भाडे पडत नाही. सगळे कसे स्वच्छ लिहिलेले होते. फक्त माझ्या बॅटरीवरची अक्षरे चार वर्षांच्या पुसापुशीत साफ उडाली होती!

तेव्हा मी मिस्त्रींना बोलावले. हे विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतात आणि खुर्ची आल्यापासून तिचे कुलवैद्य आहेत. त्यांनी खुर्चीबरोबर आलेले माहितीपुस्तक मागितले, बॅटरीचे पान काढले आणि खिशातल्या पेन्सिलीने आमच्या कॅलेंडरवर गुणाकार केला. 24 व्होल्ट, 12 अँपिअर-तास, 288.

"बाई, बारानं वाचलो."

परीक्षेत काठावर पास झालेल्या मुलाचा बाप जसा हसेल, तसे ते हसले. ते पान मी छापून घेतले, एक प्रत बॅटरीवर चिकटवली, एक पर्समध्ये ठेवली.

बॅटरीचा प्रश्न सुटला, खुर्चीचा राहिला. ती विमानाच्या पोटात जाणार, आणि कोण कशी उचलील याचा भरवसा नाही. कायद्याच्या लेखी ती सामानच. परदेशच्या प्रवासाला लागू असलेला 1999 चा माँट्रियलचा करार घ्या. त्यातही हरवलेली बॅग आणि मोडलेली खुर्ची एकाच मापाने मोजतात. अमेरिकेत विमान कंपन्यांना असा हिशेब जाहीर करावा लागतो. तिथे 2023 या एका वर्षात नीट न हाताळलेल्या खुर्च्यांची संख्या दहा हजारांच्या वर भरली. बॅग मोडली तर कपडे चुरगळतात. माझी खुर्ची मोडली तर मी दिल्लीच्या एका खोलीत पलंगावर तीन दिवस आढ्याकडे बघत पडणार, आणि संमेलनाचा वृत्तांत मोबाईलवर वाचणार. तेवढ्यासाठी दिल्लीला कशाला जायचे?

माणसाला नाकारणे पूर्वी याहून सोपे होते. 2012 साली जीजा घोष या बाईंना कोलकात्याला विमानात बसल्यावर खाली उतरवले गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना 2016 मध्ये दहा लाखांची भरपाई दिली. 2022 पासून तर केवळ अपंगत्वाच्या कारणाने कुणाला विमानात घेणे नाकारता येत नाही, असा स्पष्ट नियम आहे. म्हणजे मला बसू देणार, हे ठरले. पण न्यायालय काही विमानाच्या पोटाशी उभे राहून सामान उचलणाऱ्याला सांगत नाही, 'दांडीला धरू नकोस.' ते मलाच सांगायला हवे होते, आणि तेही चिठ्ठीतून.

ती चिठ्ठी लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या. गंमत पाहा, शेकडो मुलांच्या निबंधांवर मी 'भाषा बोजड' असा शेरा मारला आहे. आणि मी लिहिले काय, तर 'सदर खुर्ची अत्यंत काळजीपूर्वक हाताळण्यात यावी, ही नम्र विनंती.' मिस्त्रींनी ते मोठ्याने वाचले.

"बाई, हे वाचून कोण काय करंल? कुठं धरायचं, ते सांगा की."

माझा कान असा कुणी पकडला नव्हता! मी कागद फाडला. मिस्त्रींनी सांगाड्याच्या ज्या दोन दांड्या धरून उचलावे त्यांवर लाल पट्टी गुंडाळली. दांडीवर जाड प्लॅस्टिक बांधले. मागची खिटी पिवळ्या रंगाने रंगवली. मग चिठ्ठी झाली ती अशी : 'नमस्कार. उचलताना लाल पट्टीला धरा. पुढच्या दांडीला धरू नका, ती तुटते. ढकलायची असेल तर मागची पिवळी खिटी वर करा. आडवी पाडू नका, वर काही ठेवू नका. बॅटरी माझ्याजवळ आहे. मी याच विमानात आहे.' शेवटी एक ओळ होती : 'ही खुर्ची नव्हे, माझे पाय आहेत.' ती मी खोडली. उन्हात घामाघूम होऊन ओझे उचलणाऱ्या माणसाला अलंकार कशाला? तिथे लिहिले, 'ही नसेल तर मला चालता येत नाही.' मागच्या बाजूला हेच हिंदीत. माझ्या आजवरच्या लेखनात इतके कमी शब्द आणि इतकी खोडाखोड दुसऱ्या कशात नसेल.

बाकीच्या तयारीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. खुर्चीचे चारी बाजूंनी फोटो काढले. बसायची गादी मात्र जवळच ठेवायची. ती हरवली तर अंगाला जखमा होतात. आणि आदल्या रात्रीपासून पाणी कमी प्यायचे. हे कुणी छापत नाही, पण विमानातल्या त्या एवढ्याशा मोरीत जाता येत नाही, हे ओळखून असा उपास करणाऱ्या बायका पुष्कळ असतात. डॉक्टरांना विचारले तर रागावतील, म्हणून विचारले नाही.

पहाटे तीनला निघालो. धाकट्या भावाने लोहगावच्या दाराशी सोडले. तिकीट नसल्यामुळे त्याला आत येता येईना. "ताई, पोचलीस की लगेच फोन कर," तो पाच वेळा म्हणाला. तपासणीच्या जवानाने बॅटरी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, गुणाकाराचा कागद वाचला आणि परत दिली. काउंटरवर मला विमानतळाच्या खुर्चीत बसवले. तिची चाके लहान. माझ्या हाताने फिरायची नाहीत. माझ्या खुर्चीला चिठ्ठीशेजारी एक पट्टी बांधली गेली, आणि तिचा तुकडा माझ्या बोर्डिंग पासला चिकटवून मुलगी म्हणाली, "ही तुमची पावती, मॅडम." मग तिने मला एका खांबाशी नेऊन ठेवले, तोंड भिंतीकडे करून. पाठीमागे माझी खुर्ची ढकलत नेल्याचा आवाज मी ऐकला. मान वळत होती तेवढी वळवली, पण ती दिसली नाही. वीस मिनिटे मी पावतीवरचा आकडा वाचत बसले. तो मला अजून पाठ आहे.

विमान दोन तास उडाले. ढग होते.

दिल्लीला सगळे उतरून गेले. झाडणारी माणसे आत आली. दाराशी अरुंद खुर्चीवर बसून मी त्या बोळकांडीकडे पाहत होते. दहा मिनिटांनी निळ्या गणवेशातला एक मुलगा आला, खुर्ची पुढे घालून. डाव्या पायटेकूवर एक ओरखडा होता. प्लॅस्टिक जागेवर होते. चिठ्ठीची हिंदी बाजू वर आली होती, तिच्यावर काळ्या बोटाचा ठसा होता. आणि मागची पिवळी खिटी वर केलेली होती.

मी ती खाली केली, बॅटरी बसवली आणि दांडीवरचे प्लॅस्टिक सोडू लागले. मिस्त्रींनी गाठ इतकी पक्की मारली होती की त्या मुलाला दातांनी सोडवावी लागली.