एक आत्या आहे, बाहेरगावी असते

"मुलीला एक आत्या आहे, ती बाहेरगावी असते." माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने पाहुण्यांना सांगितलेलं हे वाक्य मला अजून पचलेलं नाही. मी त्या वेळी बाहेरगावी नव्हते. शेजारच्या काकूंच्या घरी बसले होते, भिंतीला भिंत लागून.

मला कोड आहे. तिशीनंतर सुरू झालं. आधी कोपराला टिकलीएवढा डाग, मग बोटांची टोकं, मग ओठ, चेहरा. माझं लग्न त्याआधीच झालेलं होतं आणि नवऱ्याने कधी अवाक्षर काढलं नाही, म्हणून लग्नाचा प्रश्न मला आला नाही. आईला वाटलं महारोग. डॉक्टरांनी डागावरून कापूस फिरवला, मला तो नीट कळला, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट असतो, बहुतेक वेळा बधिर असतो. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो आणि त्याला सगळं कळतं. कोडात जंतूच नसतो. कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर आपलीच प्रतिकारशक्ती उलटते, एवढंच. त्यामुळे ते कुणाला लागत नाही. तरी मासे खाऊन वर दूध प्यालीस का, असं मला किती जणांनी विचारलं! आमचं घर माळकरी, मी मासा कधी तोंडात घातलेला नाही.

बावचीचं तेल झालं, लेप झाले. मग अतिनील किरणांचे उपचार घेतले. आठवड्यातून दोन-तीनदा जायचं, तेही महिनोन्महिने. मी एसटीत कंडक्टर, ड्यूटी सांभाळून जमेल तसं केलं. चेहरा बराच भरला, बोटं आणि ओठ नाही भरले. रंग परत येतो तो मुख्यतः केसांच्या मुळांतून, आणि बोटांच्या टोकांना, ओठांना केसच नसतात. कंडक्टरचं तर सगळं काम बोटांचं. काही प्रवासी तिकीट अगदी कडेला चिमटीत धरतात, सुटे पैसे सीटवर ठेवायला सांगतात. त्याचं मी मनाला लावून घेत नाही. परका माणूस, त्याचा स्टॉप आला की उतरून जातो.

घरचं माणूस उतरून जात नाही.

भावाच्या मुलीला स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, घर चांगलं. पाहुणे रविवारी येणार होते, म्हणून मी शनिवारी रजा टाकून मदतीला गेले. रात्री बसून रव्याचे लाडू वळले, चिवडा केला. सकाळी न्हाऊन नवी साडी नेसले. केस विंचरत होते, तेव्हा वहिनी आली आणि दाराशी नुसतीच उभी राहिली. म्हटलं, काय गं? तर म्हणाली, "आक्का, तुम्ही तेवढा वेळ काकूंकडे बसाल का?" मला आधी वाटलं, खुर्च्या कमी पडत असतील. खरंच तसंच वाटलं. मी म्हटलं, मी स्वयंपाकघरात बसते की, मला कुठं खुर्ची लागते. ती काही बोलेना. मग भाऊ आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आक्का, गैरसमज नको करून घेऊ. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. लोकांना वाटतं हे रक्तात असतं."

मी काही बोलले नाही. पदर हातांवर ओढून मागच्या दाराने गेले. काकूंनी चहा केला, टीव्ही लावला. गाडी आल्याचा आवाज ऐकला, चपला काढल्याचा ऐकला, हसणंही ऐकू येत होतं. कुणीतरी विचारलं, काका-आत्या किती? आणि भावाने ते वाक्य सांगितलं. तेही अगदी सहज.

माझं म्हणणं एवढंच आहे. लाडू मी वळले होते. ते बशीतून पाहुण्यांपुढे गेले, त्यांनी खाल्ले, वहिनीला कृतीही विचारली म्हणे. लाडू चालले. ज्या हातांनी वळले ते हात चालले नाहीत. त्या मुलीच्या बारशाला तिच्या कानात कुर्र करून नाव मी ठेवलं. पाळण्याजवळचा तो मान आत्याचाच असतो, तेव्हा माझ्या हातावर डाग नव्हते. म्हणजे नातं माझ्याशी होतं की माझ्या कातडीशी?

रक्ताचंही बोलते. काही घरांत कोड एकापेक्षा जास्त जणांना होतं, हे खरं आहे, नाकारत नाही. पण कोड असलेल्या बहुतेकांच्या जवळच्या नात्यात दुसऱ्या कुणालाच ते नसतं. आमच्याही घराण्यात माझ्याआधी कुणाला नव्हतं. आमच्याकडे मधुमेह मात्र आहे, वडिलांना होता, भावाला आहे. तो पुढच्या पिढीत उतरण्याची भीती खरी. पण मधुमेहवाल्याला कुणी शेजारी नेऊन बसवत नाही. तो पुढच्या खोलीत बसून, साखर नको, असं मोठ्याने सांगतो.

भाचीला हे कळलं आणि तिने सुपारी फुटण्याआधीच मुलाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, मला काही अडचण नाही, आईला आत्ता नको सांगू. मी चिडले होते, लग्नाला जाणार नाही असं घरी जाहीर केलं होतं. तरी गेले. हाताला रंग लावायची क्रीम मिळते, ती भाचीने आणून दिली होती; ती पिशवीतच राहिली. मांडवात मुलाच्या आजीने माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "भाजलंय का गं?" म्हटलं, नाही आजी, कोड आहे. त्यांनी "बरं" म्हटलं आणि जेवलीस का विचारलं. लग्न व्यवस्थित पार पडलं.

मग भावाने लपवलं ते चूकच होतं ना? इथे माझं मन दोन्हीकडे जातं. आजी चांगल्या निघाल्या, पण त्या दिवशी बैठकीत कोण कसं निघालं असतं, कुणी सांगावं? डागामुळे मोडलेली लग्नं मी पाहिली आहेत. स्थळ हातचं गेलं असतं तर भाचीच्या डोळ्याला डोळा मी देऊ शकले असते का, माहीत नाही. भावाचा राग आहे आणि त्याची भीतीही समजते. दोन्ही खरं आहे.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी 'श्वेता असोसिएशन' उभी केली, कोड असलेल्यांचे वधू-वर मेळावे घेतले. 2006 साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा चित्रपट आला, त्यातली नायिका डॉक्टर आहे आणि तिला कोड आहे. दरवर्षी 25 जूनला जागतिक कोड दिन असतो. हे सगळं चांगलं आहे. पण कोड असलेल्यांनी आपापसातच लग्नं करावीत, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. आणि डाग दिसला तर आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. लवकर उपचार केले तर पुष्कळ जणांचा रंग परत येतो. जाहिरातीतल्या खात्रीशीर इलाजांवर पैसे घालवू नका.

तुमच्या घरी पाहुणे येणार असतील आणि घरात कोड असलेलं कुणी असेल, तर त्याला पुढच्या खोलीत बसवा. विचारलं तर कोड आहे असं सांगा, आणि बशी त्याच्याच हातून द्या. जे स्थळ तेवढ्यावरून उठून जाईल, ते सुपारी फुटण्याआधी गेलेलं बरं.