पाठ टेकवून घेणारे

मिशिगन राज्यातल्या पॉन्टियॅकमध्ये, सिल्व्हरडोम नावाच्या अवाढव्य स्टेडियममध्ये, २९ मार्च १९८७ रोजी हल्क होगनने आंद्रे द जायंटला उचलून आपटलं. रेसलमेनिया या कुस्तीमेळ्याचं ते तिसरं वर्ष. प्रेक्षकांचा आकडा ९३,१७३ असा जाहीर झाला आणि त्यावरून जाणकार आजही भांडतात. ज्यावर कुणी भांडत नाही अशी गोष्ट एकच : आंद्रेच्या मनात नसतं, तर त्याला तसूभरही कुणी उचलू शकलं नसतं.

मी ते चित्रण पाहतो तेव्हा माझी नजर होगनवर ठरत नाही. आंद्रे तेव्हा जेमतेम चाळिशीचा होता. ज्या व्याधीने त्याला राक्षसी देह दिला तीच त्याला आतून पोखरत होती. पाठीची शस्त्रक्रिया झालेली, काळ्या पोशाखाखाली कमरेला आधाराचा पट्टा आवळलेला. चालतानाही त्याचा हात दोरावर जाई. अशा पाठीवर तो हजारो लोकांसमोर आपटला गेला, आणि जगातला सगळ्यांत मोठा पैलवान म्हणून कमावलेलं सगळं नाव त्याने एका क्षणात दुसऱ्याच्या पदरात टाकलं. आंद्रे खरोखर पाठ टेकेल की ऐनवेळी नकार देईल, याची आपल्याला शेवटपर्यंत खात्री नव्हती, असं होगन पुढे सांगत राहिला. सहाच वर्षांनी, १९९३च्या जानेवारीत, वडिलांच्या अंत्यसंस्कारासाठी फ्रान्सला गेलेला आंद्रे पॅरिसच्या एका हॉटेलात झोपेतच गेला.

निकाल आधी ठरलेला असतो हे एकदा कळलं की आपल्याकडचा माणूस 'नुरा कुस्ती' म्हणतो आणि पाठ फिरवतो. लाल मातीत वाढलेल्या लोकांचं ते म्हणणं मी समजू शकतो. पण नाटकाचा शेवट लेखकाने आधीच लिहून ठेवलाय म्हणून आपण नाट्यगृहातून उठून जात नाही. उलट तिथे आपण नेमकं ओळखतो, कोणता नट सहकलाकाराचं वाक्य उचलून धरतोय आणि कोणता त्याची टाळी खातोय. अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीचा कस तिथेच लागतो. तिथे जिंकणं कुणाच्या हातात नसतं, ते प्रमोटर देतो. पैलवानाच्या हातात असतं ते कसं हरायचं, एवढंच. समोरच्याच्या ठोशाला वजन माझ्या कोलमडण्यातून येतं. मी वेदना दाखवली नाही तर त्याची ताकद खोटी ठरते. दोघांची शरीरं एकमेकांच्या हवाली केलेली असतात. उचलणाऱ्याचा हात सुटला तर मान मोडते ती खरीच मोडते.

आणि हे सगळं ज्यांनी करायचं ती माणसं कोण? तर ज्यांचा मीपणा सामान्य माणसाच्या कितीतरी पट असतो अशी. तसा तो नसेल तर अंगावर चमकीचा झगा घालून, वीस हजार लोकांच्या शिव्या झेलत रिंगकडे चालत जाणं जमायचंच नाही. चाळीस-पन्नासच्या दशकांत, अमेरिकेत घरोघरी टीव्ही येत होता तेव्हा, जॉर्ज वॅगनर नावाच्या एका बेताच्या उंचीच्या पैलवानाने केस कुरळे करून सोनेरी रंगवले, रेशमी झगे शिवून घेतले, आणि 'गॉर्जिअस जॉर्ज' या नावाने तो रिंगमध्ये येऊ लागला. त्याचा नोकर आधी रिंगमध्ये अत्तर फवारायचा. लोक त्याचा द्वेष करायला तिकीट काढत. १९६१ मध्ये लास व्हेगासला तरुण कॅशिअस क्ले, म्हणजे पुढचा मुहम्मद अली, त्याला भेटला. ती बढाई आणि तो खचाखच भरलेला हॉल पाहून आपण काय शिकलो, हे अलीने पुढे मोकळेपणाने सांगितलं. पण त्याच जॉर्जने टोरांटोत आणि लॉस एंजेलिसमध्ये ते सोनेरी केस पणाला लावले, हरला, आणि भर रिंगमध्ये मुंडण करून घेतलं. ज्या केसांवर त्याचं सारं नाव उभं होतं, ते त्याने दुसऱ्याच्या विजयासाठी दिले.

इथे मी अहंकाराला नावं ठेवत नाहीये. अहंकार हे त्या धंद्याचं भांडवल आहे. भांडवल कुणी धंद्यात घालतो, कुणी तळघरात पुरून ठेवतो.

रिक फ्लेअरने ते आयुष्यभर खेळवलं. १९७५ साली नॉर्थ कॅरोलिनात विमान कोसळून त्याची पाठ तीन ठिकाणी मोडली. पुन्हा रिंगमध्ये उतरू नको असं सांगितलं गेलं, तरी तो काही महिन्यांतच परतला. त्याच्याइतकी स्वतःची आरती ओवाळणारा माणूस त्या जगात विरळा. मी कुठले बूट घालतो, कुठल्या विमानातून फिरतो, बायका माझ्यावर कशा भाळतात, हे तो माइक हातात घेऊन तासन्‌तास सांगू शके. पण घंटा वाजली की हाच माणूस समोरच्या पोरापुढे गुडघ्यावर येऊन हात जोडायचा, मार खाऊन दोन पावलं चालायचा आणि थेट तोंडावर आडवा व्हायचा. एनडब्ल्यूए या कुस्ती संघटनेचा जगज्जेता म्हणून गावोगाव फिरायचं, तिथल्या स्थानिक हिरोशी तासभर झुंजायचं, आणि 'आज आपल्या पोराने जवळजवळ जग जिंकलंच होतं' असं गावाला वाटायला लावून निघून जायचं, ही त्याची नोकरी होती. २७ मार्च १९८८ रोजी ग्रीन्सबरोमध्ये, रंगवलेल्या चेहऱ्याच्या स्टिंग नावाच्या नवख्या पैलवानाशी तो पंचेचाळीस मिनिटं लढला आणि वेळ संपून कुस्ती बरोबरीत सुटली. पट्टा फ्लेअरकडेच राहिला. पण त्या रात्री प्रेक्षक घरी गेले ते स्टिंगचं नाव घेत.

आता होगनकडे वळतो, कारण आंद्रेने जे दिलं त्याचं पुढे काय झालं हे सांगायलाच हवं. होगन मोठा होता, त्याच्याइतका मोठा त्या काळात कुणी नव्हता, हे निर्विवाद. पण डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीत जाताना त्याने करारात एक अट घालून घेतली : माझ्या कथानकावर शेवटचा शब्द माझा. ४ जानेवारी १९९९ची रात्र या अटीच्या सावलीतली. अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये होगन आणि केव्हिन नॅश जगज्जेतेपदासाठी समोरासमोर आले. होगनने नॅशच्या छातीला एक बोट लावलं. सात फुटी नॅश उताणा पडला, होगन त्याच्यावर बसला, पट्टा होगनचा झाला. दोघे हसत मिठी मारून उभे राहिले. ज्यांनी तिकीट काढलं होतं, त्यांच्यासाठी त्या बोटात काय होतं?

त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर, रेसलमेनिया भरवणाऱ्या प्रमोटर मॅकमहनच्या कंपनीने आधी चित्रित केलेला कार्यक्रम चालू होता. तिथे मिक फोली जिंकणार होता. पोट सुटलेला, दात पडलेला, म्युनिकमधल्या एका कुस्तीत कानाचा तुकडा गमावलेला, ढगळ पँट घालणारा फोली. आधल्याच जूनमध्ये पिट्सबर्गला पोलादी पिंजऱ्याच्या टपावरून तो सोळा फूट खाली कोसळला होता. डब्ल्यूसीडब्ल्यूच्या समालोचकाने वरून आलेल्या हुकमानुसार, थट्टेच्या सुरात, फोलीच्या विजयाची बातमी आधीच फोडली. परिणाम उलटा झाला. लाखो लोकांनी तत्क्षणी वाहिनी बदलली. त्यांना तो माणूस जिंकताना बघायचा होता. फोलीला पट्टा दिला तो द रॉकने, पाठ टेकवून. आणि रॉक त्याने यत्किंचितही लहान झाला नाही. १९९९ साल त्या दोघांचं होऊन गेलं. डब्ल्यूसीडब्ल्यूचं काय झालं? मार्च २००१ मध्ये मॅकमहनने ती कंपनी विकत घेतली. एका बोटाने कंपनी बुडत नाही, कारणं अनेक होती. पण दरवाजे आतून बंद करून बसलेली म्हातारी मंडळी हे त्यातलं एक ठळक कारण होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

माझ्या पिढीला ही माणसं भेटली ती नव्वदच्या दशकात, केबलवरून आणि ट्रम्प कार्डांवरून. शाळेच्या मागच्या बाकावर उंची, वजन, छाती, दंड असे आकडे पुकारून आम्ही एकमेकांची पानं जिंकायचो. त्या पत्त्यांवर ब्रेट हार्ट कधीच मोठा ठरला नाही. त्याच्या आकड्यांत दम नव्हता. पण टीव्हीवर तो गुलाबी-काळ्या पोशाखात यायचा, पहिल्या रांगेतल्या एखाद्या लहान मुलाच्या डोळ्यांवर आपला चष्मा चढवायचा, आणि मग जे करायचा त्यातली एकही हालचाल वाया गेलेली नसायची. कॅनडातल्या कॅल्गरीत त्याचे वडील स्टू हार्ट घराच्या तळघरात पोरांना खऱ्या पेचांत पिळून काढत. ब्रेट त्या तळघरातून आला होता. आपण कुणालाही कधी जायबंदी केलं नाही, याचा त्याला सर्वांत मोठा अभिमान.

१९९७च्या २३ मार्चला, शिकागोजवळ, त्याने स्टीव्ह ऑस्टिनला शार्पशूटर नावाच्या पायांच्या पेचात अडकवलं. ऑस्टिनच्या कपाळातून रक्त वाहून दातांत उतरलेलं, पाय पिळलेले, तोंडातून किंकाळी. हार मानतोस का, म्हणून पंच विचारतोय. ऑस्टिन हार मानत नाही; शुद्ध हरपून थंड पडतो. ब्रेट जिंकला. आणि मग त्याने जे केलं ते बघायला मी अनेकदा मागे जातो : बेशुद्ध पडलेल्या ऑस्टिनला तो मारतच राहिला. लहान मुलांचा लाडका, चष्मे वाटणारा ब्रेट! प्रेक्षक डोळ्यांदेखत त्याच्यापासून तुटले आणि लंगडत, कुणाचा हात न घेता बाहेर जाणाऱ्या ऑस्टिनला जाऊन चिकटले. बारा वर्षांत कमावलेली माया ब्रेटने वीस-बावीस मिनिटांत ऑस्टिनच्या खात्यात टाकली. पुढची अनेक वर्षं त्या कंपनीचा गल्ला ऑस्टिनच्या नावावर भरला. जिंकूनही दुसऱ्याला इतकं देता येतं, हे मी तिथे पाहिलं.

आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात हाच माणूस हरायला तयार झाला नाही. वीस वर्षांचा करार आपल्याला झेपत नाही, असं मॅकमहनने त्याला सांगितलं होतं. ब्रेट डब्ल्यूसीडब्ल्यूत जाणार हे ठरलं होतं, आणि पट्टा अजून त्याच्याकडे होता. मॅकमहनला तो शॉन मायकल्सकडे हवा होता, मॉन्ट्रियलमध्ये. शॉनशी ब्रेटचं वैर खरं होतं. तुझ्यासाठी मी कधी हरणार नाही असं शॉन आपल्याला तोंडावर म्हणाला होता, हे ब्रेट आजवर सांगत आला आहे. कॅनडात, आपल्या माणसांसमोर, या माणसाकडून नाही, असं ब्रेट म्हणाला. दुसरीकडे कुठेही पट्टा सोडायला तो राजी होता. शेवटी गोंधळात कुस्ती संपवायचं ठरलं. ९ नोव्हेंबरला शॉनने ब्रेटचाच शार्पशूटर ब्रेटला घातला, ब्रेट तो उलटवण्याच्या बेतात होता, आणि रिंगशेजारी उभ्या मॅकमहनने घंटा वाजवायला लावली. ब्रेट त्याच्या तोंडावर थुंकला, बोटाने हवेत प्रतिस्पर्धी कंपनीची अक्षरं गिरवली, आणि नंतर ड्रेसिंग रूममध्ये मॅकमहनला एक ठोसा लगावला. तो ठोसा ठरवलेला नव्हता.

असला दगा त्या धंद्याला नवा नव्हता. १९२५ साली फिलाडेल्फियात झिबिस्को नावाच्या पैलवानाने ठरलेली हार नाकारून वेन मन या फुटबॉलपटू जगज्जेत्याला खरोखर चीत केलं होतं, प्रतिस्पर्धी प्रमोटरांशी संधान बांधून.  पण वेन मन गेला आणि लोक त्याला विसरले. ब्रेटची जखम मात्र बारा वर्षं भळभळत राहिली. त्या काळात भाऊ ओवेन कॅन्सस सिटीत छतावरून पडून गेला, डोक्याला लागलेल्या लाथेने ब्रेटची स्वतःची कारकीर्द संपली, त्याला पक्षाघात झाला. ४ जानेवारी २०१० रोजी तो शॉनसमोर उभा राहिला आणि दोघांनी हात मिळवले, मग मिठी मारली. त्याच शॉनने त्याच्या दोन वर्षं आधी ऑरलँडोत फ्लेअरला निरोपाच्या कुस्तीत हरवताना, शेवटच्या लाथेआधी, ओठांनीच माफी मागितली होती. माणसं बदलतात, हे मी त्याच्याकडे बघून मानतो.

ब्रेटच्या नकारावर मी पुष्कळ विचार केला आहे. होगनची अट आणि ब्रेटचा नकार एका मापाने मोजणारे लोक आहेत. मला ते मान्य नाही. होगनला पट्टा स्वतःसाठी हवा होता. ब्रेट त्या पट्ट्याला खरा मानत होता, त्याच्या वडिलांच्या तळघराइतका खरा, आणि म्हणून त्याला तो तुच्छतेने बघणाऱ्या हातात देववेना. तरीही तो चुकलाच. ज्याने मार्चमध्ये ऑस्टिनला सगळं दिलं, त्याने नोव्हेंबरात शॉनपुढेही पाठ टेकायला हवी होती, आपल्या माणसांसमोर, मॉन्ट्रियलमध्येच. आणि त्याने टेकली नाही म्हणून त्याला फसवण्याचा हक्क मॅकमहनला मिळत नव्हता.