किकरला शिकवणार कोण?

अमेरिकन फुटबॉलच्या संघात किकरइतका एकटा माणूस दुसरा नसतो. एनएफएलच्या संघाच्या मुख्य यादीत ५३ खेळाडू असतात. क्वार्टरबॅकच्या मागे राखीव क्वार्टरबॅक असतो, त्यांच्यासाठी स्वतंत्र कोच असतो. बचावफळीत तर एकेका जागेसाठी अनेक जण घाम गाळत असतात आणि नवखा खेळाडू मुरलेल्याचं बघून बघून शिकतो. किकर मात्र बहुतेक संघांत एकच. त्याच्या कामात त्याला वरिष्ठ नाही, कनिष्ठ नाही, बरोबरीचाही नाही. त्याची जबाबदारी असते स्पेशल टीम्सच्या कोचकडे. हा कोच अनेकदा लाइनबॅकर किंवा सेफ्टी म्हणून खेळलेला असतो आणि किकऑफ, पंट, रिटर्न, ब्लॉक अशा सगळ्या आघाड्या त्यालाच सांभाळायच्या असतात. चेंडू खांबांमधून जात असतात तोवर ही व्यवस्था कुणाला खटकत नाही. ते बाहेर जायला लागले की कळतं, नेमकं काय बिघडलंय हे सांगणारा माणूसच संघात नाही.

अशा अडखळलेल्या किकरला जुन्याजाणत्या किकरच्या हाती सोपवावं का? किक शिकवणं हे माझंच काम असल्यामुळे या प्रश्नात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. माझं उत्तर ‘हो’ आहे. पण ‘तो स्वतः खेळलाय, म्हणून त्याला कळतं’ हे जे कारण सर्रास दिलं जातं, ते मला पटत नाही. माजी किकर हवा तो त्याच्या पायासाठी नव्हे, नजरेसाठी. आणि ही नजर घसरण सुरू झाल्यावर भाड्याने आणण्यापेक्षा आधीपासून संघात असावी, असं माझं म्हणणं आहे.

नजर म्हणजे काय, हे समजायला एक किक जवळून पाहावी लागते. गोलपोस्टच्या दोन खांबांमध्ये १८ फूट ६ इंचांचं अंतर असतं आणि आडवी दांडी जमिनीपासून १० फुटांवर. किक ४० यार्डांवरून असेल, तर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना साडेचार अंशांहूनही कमी मोकळीक मिळते. लाँग स्नॅपरने चेंडू मागे टाकल्यापासून किकरचा पाय त्याला लागेपर्यंत साधारण १.३ सेकंद जातात. तेवढ्यात होल्डरने चेंडू झेलायचा, त्याचं टोक जमिनीला टेकवायचं आणि लेस गोलच्या दिशेने फिरवायच्या. किकर तोवर निघालेला असतो. उजव्या पायाने मारणाऱ्याचा डावा पाय चेंडूच्या शेजारी कुठे टेकतो, यावर पुढचं बरंचसं ठरतं. तो पाय दोन बोटं लांब पडला किंवा पंजा बाहेर वळला, तर कंबर वेळेआधी उघडते आणि मारणारा पाय चेंडूतून सरळ पार होत नाही. बघणाऱ्याला फक्त चेंडू उजवीकडे गेलेला दिसतो. ज्याने हे काम कधी बारकाईने पाहिलेलं नाही, तो म्हणतो, “डोकं खाली ठेव.” डोकं वर आलेलं असतंही, पण पुष्कळदा ते शरीर आधीच उघडल्यामुळे आलेलं असतं. परिणामालाच कारण समजून उपचार केला, की बिचारा किकर मान दाबून धरतो आणि आणखी आखडतो.

दुसरी गोष्ट सरावाची. चुकलेल्या किकवर बाहेरच्या माणसाला सुचणारा उपाय म्हणजे आणखी किका. इतर बहुतेक जागांवर जास्त मेहनतीला जास्त फळ येतं, त्यामुळे हा सल्ला प्रामाणिकच असतो. पण किकरच्या मांडीचे आणि जांघेचे स्नायू एका मर्यादेनंतर साथ देत नाहीत. मग पाय मंदावतो, मंद पायाने अंतर गाठायला शरीर झोके घेऊ लागतं आणि कालपर्यंत जी चूक अधूनमधून व्हायची ती अंगवळणी पडते. आज पुरे, आता फक्त पावलं टाक, चेंडू नको, हे ठामपणे सांगायला त्या थकव्याची ओळख लागते. माझ्या मते कोचची खरी परीक्षा काय करायचं हे सांगण्यात कमी आणि कधी थांबायचं हे सांगण्यात जास्त असते.

आता पुरावा. २००९ च्या मोसमात न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा तरुण किकर गॅरेट हार्टली याच्यावर सुरुवातीच्या चार सामन्यांची बंदी होती. त्याच्या जागी संघाने पंचेचाळीस वर्षांच्या जॉन कार्नीला घेतलं. डिसेंबरमध्ये हार्टलीला जागा परत मिळाली. कार्नीला खेळाडू म्हणून मोकळं करून संघाने किकिंगचा सल्लागार म्हणून ठेवून घेतलं. त्यानंतर २७ डिसेंबरला टॅम्पा बेविरुद्ध ३७ यार्डांवरून सामना जिंकून देणारी किक हार्टलीने घालवली. महिना उलटायच्या आत, २४ जानेवारी २०१० रोजी, एनएफसीच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत ४० यार्डांवरून गोल करून त्याने संघाला पहिल्यांदाच सुपर बोलमध्ये नेलं आणि तिथे ४० यार्डांपलीकडून तीनदा चेंडू पार केला. हे श्रेय एकट्या कार्नीचं, असं मी म्हणणार नाही. पण ते चार आठवडे हार्टलीच्या शेजारी असा माणूस उभा होता, ज्याची कारकीर्द १९८८ मध्ये सुरू झाली होती आणि चुकलेल्या किकनंतरचा आठवडा काय असतो हे ज्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसरं उदाहरण मिनेसोटा व्हायकिंग्सचं, आणि ते दोन्ही बाजूंनी बोलतं. २०१८ मध्ये डॅन बेलीने या संघासाठी २८ पैकी २१ फील्ड गोल केले. अचूकता ७५ टक्के. लीगमधल्या चांगल्या किकरकडून पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास अपेक्षा असते. २०१९ साली संघाने चार्जर्सचा माजी किकर नेट केडिंग याला सल्लागार नेमलं आणि त्या मोसमात बेलीने २९ पैकी २७ गोल केले. इथेच थांबलो तर माझा मुद्दा सिद्ध झाल्यासारखा वाटेल. पण त्याच वर्षी बेलीचा होल्डर बदलला होता, लाँग स्नॅपरही नवा होता. आणि २०२० मध्ये तोच बेली २२ पैकी १५ वर घसरला. अशा आकड्यांवरून कोचच्या गुणवत्तेचा निकाल लावणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. मोसमात एका किकरच्या वाट्याला तीसेक फील्ड गोल येतात. त्यातले तीन इकडचे तिकडे झाले, की अचूकता दहा टक्क्यांनी हलते. म्हणून मी आकड्यांपेक्षा कार्यकारणावर जास्त भिस्त ठेवतो: चूक कुठून सुरू झाली हे ओळखणारा माणूस जवळ असेल, तर ती पक्की व्हायच्या आत सापडण्याची शक्यता वाढते. माझा दावा एवढाच आहे.

यावर संघांच्या कचेऱ्यांमधून येणारा पहिला आक्षेप रोखठोक असतो: शिकवत कशाला बसायचं, दुसरा आणावा. किकर बाजारात पुष्कळ मिळतात. या हिशेबाचं उत्तर व्हायकिंग्सनेच दिलेलं आहे. २०१८ मध्ये त्यांनी पाचव्या फेरीत डॅनियल कार्लसनला निवडलं. सप्टेंबरमध्ये ग्रीन बेविरुद्धच्या बरोबरीत सुटलेल्या सामन्यात त्याने तीन फील्ड गोल घालवले आणि दुसऱ्याच दिवशी त्याला नारळ मिळाला. त्याच्या जागी आला तो ७५ टक्क्यांचा बेली. कार्लसन पुढे ऑक्टोबरमध्ये ओकलंड रेडर्सकडे गेला, उरलेल्या मोसमात त्याने १७ पैकी १६ गोल केले, २०२१ मध्ये तब्बल ४० केले आणि २०२२ मध्ये ऑल-प्रो संघात त्याची निवड झाली. म्हणजे गुण त्याच्यात होतेच. कमी पडली ती संघाची पारख आणि धीर. शिकागो बेअर्सनेही २०१९ मध्ये नवोदितांच्या सराव शिबिरात आठ किकर गोळा केले. कोडी पार्कीची ४३ यार्डांची किक जानेवारीत आधी खांबाला आणि मग दांडीला लागून परतली होती, म्हणून त्याच अंतरावरून सगळ्यांची परीक्षा घेतली. शेवटी बाहेरून आणलेल्या एडी पिनेरोने डेन्व्हरमध्ये ५३ यार्डांवरून सामना जिंकून दिला आणि ऑक्टोबरमध्ये चार्जर्सविरुद्ध ४१ यार्डांवरून एक घालवलाही. परीक्षा कितीही कडक घेतली, तरी परीक्षेतून शिक्षण होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चांगला खेळाडू चांगला शिक्षक असतोच असं नाही, आणि चांगल्या शिक्षकाने खेळलेलं असायलाच हवं असंही नाही. या आक्षेपाला डग ब्लेव्हिन्स हे नाव पुरेसं आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, वावर व्हीलचेअरवरून. या माणसाने आयुष्यात एकदाही चेंडूला किक मारलेली नाही. तरीही तो एनएफएलमध्ये मायामी डॉल्फिन्सचा किकिंग कोच होता आणि ५९९ फील्ड गोलांचा विक्रम करणाऱ्या ॲडम व्हिनाटिएरीला त्याने घडवलं. उलट बाजूचं उदाहरण पीट गोगोलाकचं. हंगेरीत जन्मलेला हा मुलगा १९६४ मध्ये बफलो बिल्सकडे आला आणि बुटाच्या टोकाने सरळ किक मारण्याच्या जमान्यात तिरकं धावत येऊन पायाच्या वरच्या भागाने मारू लागला. त्या वेळचा कुठलाही नामवंत माजी किकर त्याला काय शिकवणार होता? सरळ मारणारा शेवटचा पूर्णवेळ किकर मार्क मोझली १९८६ मध्ये थांबला आणि ती पद्धतच संपली. तेव्हा माजी खेळाडूची विद्या शिळी होऊ शकते, हे मला मान्य आहे. पण ब्लेव्हिन्सचा दाखला माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, उलट ते नेमकं करतो. त्याने किक मारली नव्हती, तरी आयुष्यभर दुसरं काही पाहिलंही नव्हतं. तशी नजर कमावलेला माणूस मिळत असेल, तर तो खेळलाय का, हे कुणी विचारू नये. मात्र असे ब्लेव्हिन्स हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि वर्षानुवर्षं याच १.३ सेकंदांचा विचार केलेले माजी किकर कितीतरी. शोध तिथूनच सुरू करणं शहाणपणाचं.

तिसरा आक्षेप: बिघाड पायात नसतो, मनात असतो, तेव्हा कोच नको, मानसोपचारतज्ज्ञ आणा. तज्ज्ञ जरूर असावा. पण ‘मनातलं’ हा शिक्का आपण फार घाईने मारतो. जानेवारी २०१६ मध्ये ब्लेअर वॉल्शने सिअ‍ॅटलविरुद्ध २७ यार्डांवरून किक चुकवली आणि व्हायकिंग्स १०-९ असे हरले. तो कचरला, असा बोभाटा झाला. पण त्या दिवशी उणे २१ अंश सेल्सिअस थंडीत संघाचे नऊच्या नऊ गुण त्यानेच मिळवले होते आणि शेवटच्या किकला चेंडूच्या लेस गोलकडे असायच्या त्या त्याच्या पायाकडे होत्या. वॉल्शने दोष होल्डरवर ढकलला नाही, हा त्याचा मोठेपणा. कोचने मात्र स्नॅपर, होल्डर आणि किकर या तिघांचंही काम तपासायला हवं. आणि भीती खरोखर मनातली असली, तरी तिथे केडिंगसारख्या माणसाच्या शब्दाला वजन असतं. त्याने २००९ च्या मोसमात ३५ पैकी ३२ गोल केले आणि जानेवारीत जेट्सविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात तीनदा चुकला. संघ तीन गुणांनी हरला. असा माणूस “हे दिवस जातात” म्हणतो तेव्हा ते पोकळ वाटत नाही.

हे सगळं मान्य केलं, तरी माजी किकरला मोकळं रान देऊ नये. मोसमाच्या मध्यावर त्याने स्वतःची शैली किकरवर लादू नये. आधी त्या किकरच्या चांगल्या दिवसांचे व्हिडिओ पाहावेत आणि त्याला त्याच्याच लयीकडे परत न्यावं. किकरच्या कानावर एकच आवाज पडावा: खासगी कोच एक सांगतोय, संघाचा दुसरं, असं झालं की दोन्ही सल्ले वाया जातात. आणि सल्लागाराचा निवडीशी संबंध नसावा. २०१० च्या सप्टेंबरमध्ये हार्टलीने अटलांटाविरुद्ध जादा वेळेत २९ यार्डांवरून किक घालवल्यावर सेंट्सने त्याच कार्नीला, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, पुन्हा खेळाडू म्हणून उतरवलं. पण जो उद्या आपली जागा घेऊ शकतो त्याच्यापुढे आपला पाय कुठे चुकतोय हे कोण मोकळेपणी बोलेल? अपेक्षाही माफक असाव्यात. किकर जस्टिन टकरपाशी बॉल्टिमोरमध्ये रँडी ब्राउनसारखा खास किकिंग कोच वर्षानुवर्षं होता, तरी २०२४ मध्ये टकर ३० पैकी २२ वर आला. कोच घसरण टाळेलच याची हमी नाही. ती लवकर ओळखेल, इतकंच.

माझा निवाडा असा: प्रत्येक संघाने किकिंगचा जाणता माणूस, शक्यतो माजी किकर, मोसमाआधीच नेमावा आणि किकर उत्तम मारत असताना त्याला मैदानावर उभं करावं. कारण बिघडलेली किक ओळखायची, तर न बिघडलेली आधी पाहिलेली असावी लागते. सामन्यांचे निकाल तीन-तीन गुणांनी फिरणाऱ्या खेळात हा खर्च परवडत नाही, असं म्हणणाऱ्या संघाने एकदा कार्लसनचे आकडे काढून पाहावेत.