भाकरीचा आवाज आणि रिठ्याचा फेस

मुलांनो, हॉटेल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? चकचकीत टेबलं, मेनूकार्ड, शेवटी वाटीत बडीशेप! आज मी ज्या जागेबद्दल सांगणार आहे, तिथे यातलं काही नाही. वाईच्या एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर एक पत्र्याची खानावळ आहे. चार बाकं, एक चूल, दाराशी पाण्याचा रांजण. शिक्षकांच्या बैठकीसाठी मला तालुक्याला जावं लागतं, तेव्हा दुपारचं जेवण तिथेच.

ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात येते. सोबत पिठलं, कांदा, ठेचा आणि वाटीभर ताक. उशिरा गेलं तर भात संपलेला असतो. पिठल्यात लसूण सढळ हाताने आणि मीठ एखाद्या दिवशी हात राखून! पण भाकरी मात्र पातळ, टम्म फुगलेली, पापुद्रा सुटलेली. मावशी परातीत भाकरी थापतात तो थप-थप आवाज रस्त्यापर्यंत येतो, आणि मी पाऊल उचलते.

मागच्या वर्षी हा आवाज दोन महिने बंद होता. मावशींच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. सकाळी भाकऱ्या थापायच्या आणि दुपारनंतर ढीगभर भांडी घासायची, तीही धुण्याच्या स्वस्त पावडरीने. कातडी सोलून लाल झाली. गरम पाण्यात पीठ मळायचं तर डोळ्यांत पाणी यायचं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आधी ती पावडर सोडा. शेजारच्या एक बाई भाकऱ्या करायला यायच्या, पण त्यांची मजुरी गेल्यावर हातात उरायचं काय? मुलीचं बारावीचं वर्ष. खानावळ बंद करायची भाषा सुरू झाली होती.

मार्ग काढला सासूबाईंनी. “आमच्या वक्ताला कुठं होती पावडर? रिठं आणा की!”

रिठा तुमच्यापैकी काहींनी आजीच्या शिकेकाईच्या डब्यात पाहिला असेल. सुरकुतलेलं, तपकिरी, सुपारीएवढं फळ. त्याच्या सालीत ‘सॅपोनिन’ नावाचा पदार्थ असतो. त्याच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. म्हणून तेलकटपणा सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. साबणही हेच करतो बरं का! या झाडाचं शास्त्रीय नाव ‘सॅपिंडस’, म्हणजे ‘भारतातला साबण’. सोनार दागिने रिठ्याने उजळतात, आणि आई-आजी रेशमी साडी नि लोकरीचा स्वेटरही त्यानेच धुतात.

मावशी रात्री बिया काढून साली भिजत घालतात, सकाळी उकळून, कुस्करून गाळतात. घासायला वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. प्लॅस्टिकच्या घासणीचे बारीक कण झिजून गटारात जातात, तसं हिचं होत नाही. जुनी झाली की खतात टाकायची. महिन्या-दीड महिन्यात हात भरून आले. माझ्या मते निम्म्याहून जास्त श्रेय पावडर सुटण्याला आहे, पण सासूबाईंपुढे हे बोलायची माझी छाती नाही!

मीही घरी करून पाहिलं. कपबशा, ताटं, वाट्या छान निघतात. तळणीच्या कढईपुढे मात्र रिठा हात टेकतो. तिला चुलीतली राखच हवी. फेस थोडा येतो आणि लवकर बसतो, म्हणून भांडी स्वच्छ झालीच नाहीत असं वाटत राहतं. आपल्याला जाहिरातींनी फेस बघायची सवय लावली आहे, दुसरं काय! पाणी दोन-तीन दिवसांत आंबतं आणि वास मारतं, तेव्हा थोडंच करावं.

पालकांनो, दोन गोष्टी तुमच्यासाठी. हे पाणी डोळ्यांत गेलं तर फार झोंबतं, म्हणून लहान मुलांच्या हाती भांडं देऊ नका. आणि ते झाडांच्या मुळाशी, मातीत ओता. ओढ्यात किंवा तळ्यात नको. सॅपोनिन माशांना घातक असतं. मावशींचं पाणी मागच्या केळीला जातं.

“बाहेर पाटी लावा, इथे रिठ्याने भांडी घासतात म्हणून,” असं मी एकदा सुचवलं. मावशी म्हणाल्या, “बाई, लोक भाकरी खायला येत्यात. भांडी बघाया कोण येतंय?”

रिठ्याच्या काळ्या, टणक बिया त्या माझ्यासाठी डब्यात साठवतात. आमच्या दुसरीच्या वर्गात दशकाच्या पुड्या बांधायला त्या फार उपयोगी पडतात. दहा-दहाच्या दहा पुड्या, शंभर बिया. गेल्या शनिवारी मोजल्या तर चौऱ्याण्णवच भरल्या. उरलेल्या सहा मधल्या सुट्टीत पिंपळाच्या पारावर गोट्या म्हणून खेळल्या जात होत्या.