कोपऱ्यापुढची चीर

जुन्या छायाचित्रांच्या आणि जलरंगचित्रांच्या फ्रेम जवळून पाहिल्या असता पुष्कळदा असे दिसते की, चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या खिडकीला कोपऱ्याच्या पलीकडे मिलिमीटरभर गेलेली बारीक चीर असते. एकदा ती नजरेस पडली की चित्रापेक्षा तीच अधिक दिसू लागते. फ्रेमवाले या पुठ्ठ्याला माउंट म्हणतात. त्याच्या खिडकीची आतली कड ४५ अंशांत तिरकी कापण्याची रीत आहे आणि बेव्हल या नावाने ओळखला जाणारा हा काप, पुठ्ठा दीड मिलिमीटर जाडीचा असल्यास, सुमारे दोन मिलिमीटर रुंदीची पांढरी पट्टी होऊन चित्राभोवती उमटतो. माउंट पाठीमागून कापला जातो. पाठीवर आखलेल्या खिडकीपेक्षा दर्शनी खिडकी प्रत्येक बाजूला पुठ्ठ्याच्या जाडीइतकी मोठी होत असल्यामुळे पाते रेघांच्या छेदबिंदूवर थांबवून भागत नाही, ते थोडे पुढे न्यावे लागते. कमी नेले तर कोपरा तंतूंनी धरून राहतो, जास्त नेले तर ती चीर पडते.

घरी माउंट कापू पाहणाऱ्याने हत्यार निवडायचे ते या दोन-तीन मिलिमीटरांसाठी. दुकानात भिंतीला लावलेली उंच यंत्रे असतात, त्यांचा घराशी संबंध नाही. घरापुरते पर्याय दोनच : पाते तिरके बसवलेला हातातला कटर, जो जड पोलादी पट्टीला टेकवून चालवावा लागतो, किंवा फळीवर पट्टी कायमची बसवलेले छोटे यंत्र, ज्यात कटर पट्टीच्या खाचेतून सरकतो. वर्षाकाठी चार-सहा चित्रे लावणाऱ्याला पहिला पुरे, मात्र पट्टी घसरू नये म्हणून तिच्या तळाला रबर किंवा कॉर्क हवा. दुसऱ्याचा खरा लाभ वेगात नसून, पट्टी दाबून धरणारा हात मोकळा होतो यात आहे. कागदावर मोठमोठे आकडे मिरवणाऱ्या यंत्रांपेक्षा नवे पाते अधिक कामाचे असते, आणि यंत्रावर हजारो रुपये खर्चणारी माणसे पात्याच्या बाबतीत हात आखडता घेतात, हे नवलच म्हणायचे.

बोथट पात्याच्या या तक्रारीतूनच एका वेगळ्या हत्याराचा जन्म झाला. जपानमधील ओसाका शहरात छपाईच्या धंद्यात काम करणारे योशिओ ओकादा यांना कागद कापताना असे दिसे की, पात्याचे केवळ टोक झिजते आणि उरलेले सगळे धारदार पाते त्याच्याबरोबर फेकून दिले जाते. चांभार बुटाचे तळवे खरवडण्यासाठी काचेचे तुकडे वापरत आणि धार गेली की काच पुन्हा फोडून नवी कड मिळवत. शिवाय दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांकडून मिळणाऱ्या चॉकलेटच्या वड्या आखलेल्या खाचांवर मोडत. या दोन गोष्टींच्या मिलाफातून त्यांना खाचा पाडलेल्या, टोक मोडून नवे करता येणाऱ्या पात्याची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. १९५६ मध्ये त्यांनी असा कटर तयार केला. पुढे त्यांच्या ओल्फा कंपनीचा हा पिवळा कटर आणि त्याच्या असंख्य नकला जगभर पसरल्या. आज कचेरीतल्या खणात, पतंगवाल्याकडे, गणपतीचे मखर करणाऱ्यांच्या हातात, सर्वत्र तोच सापडतो. काटकसरीतून जन्मलेल्या वस्तू क्वचितच इतक्या देखण्या निघतात. गंमत अशी की, माउंटच्या तिरक्या कापाला हे पाते चालत नाही, कारण ज्या खाचांमुळे ते मोडते त्याच खाचांमुळे ते बाजूच्या दाबाखाली वाकते आणि सरळ रेघ मध्येच किंचित बाक घेते. तेथे आखूड, अखंड आणि जवळजवळ टोकापर्यंत घट्ट धरलेले पातेच लागते.

कापताना माउंटखाली त्याच जाडीच्या पुठ्ठ्याचा एक टाकाऊ तुकडा ठेवावा आणि पात्याची खोली इतकी बेताची ठेवावी की त्या तुकड्यावर केवळ ओरखडा उठेल. खाली आधार नसला तर दर्शनी कड कुरतडल्यासारखी निघते. पावसाळ्यात ओलसर झालेल्या पुठ्ठ्याचे तंतू पात्यामागे ओढले जातात, म्हणून कोकणात हे काम दिवाळीनंतर काढलेले बरे.

पुठ्ठ्याची निवड मात्र हत्याराहून अवघड आहे. साध्या लाकडी लगद्यातील लिग्निन हे द्रव्य काळाने आम्लता वाढवते आणि खिडकीच्या कडेने चित्रावर तपकिरी पट्टा उमटवते, तर कापसाच्या तंतूंपासून केलेल्या महागड्या बोर्डात हा धोका नसतो. माउंट काच आणि चित्र यांच्यात हवेची फट राखतो, हे त्याचे मुख्य काम, शोभा त्यानंतरची. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून, जो १८९४ मध्ये मुंबईत निघाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, घरोघर पोहोचलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या कितीतरी ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या शिळाछाप प्रती, माउंटविना थेट काचेखाली बसवल्या गेल्या. दमट हवेत त्यांचा रंग काचेला चिकटतो, आणि फ्रेम बदलायला घेणाऱ्याने काच ओढली तर देवीच्या पदराचा तुकडा काचेबरोबर निघून येतो. अशा वेळी प्रत काचेसकट तशीच ठेवून जाणकार संवर्धकाकडे नेणे हाच मार्ग उरतो.