साडेपाच एमबीचा भूगोल

ऑनलाइन कोर्स म्हटलं की बहुतेकांना कॅमेरा, माइक, स्लाइड्स आठवतात. मला आठवतात एमबी.

२०२० च्या पावसाळ्यात मी पुण्याच्या कंपनीचं काम चंद्रपूरच्या घरून करत होतो. माझी मावशी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. बी.ए. दुसऱ्या वर्षाचा पेपर तिला ऑनलाइन न्यायचा होता, आणि घरात इंजिनिअर असल्यावर दुसरं कोण करणार?

मी आधी हिशेब मांडला. पाऊण तासाचं लेक्चर साध्या व्हिडिओत जवळपास ३४० एमबी. नेटवर्क टूजी, वेग सेकंदाला शंभर किलोबिट धरला तर डाउनलोडला साडेसात तास. तेच लेक्चर नुसत्या आवाजात, दाबून दाबून साडेपाच एमबी. सात-आठ मिनिटांत उतरतं. मावशीचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, पण शब्द कळतात.

लाइव्ह क्लासचं नाव काढलं तर ती म्हणाली, "अरे बाबू, फोन पोरीचा नसते, भावाचा असते. अन् भाऊ संध्याकाळी घरी येते. दिवसा तर सगळे रोवणीवर." झालं, टाइमटेबल संपलं. लॉगिन लागेल असं काहीच ठेवलं नाही. पासवर्ड विसरण्यात सेमिस्टर जातं.

खरी अडचण नकाशाची. समोच्च रेषा आवाजात कशी शिकवायची? समान उंचीच्या बिंदूंना जोडणारी रेषा, ही व्याख्या पाठ करून आजवर कोणालाही डोंगर दिसलेला नाही. मावशीनं दोन दिवस घेतले. मग रेकॉर्डिंगमध्ये म्हणाली, गावच्या मामा तलावावर जा. (मालगुजारी तलाव, आपल्याकडे सगळे मामाच म्हणतात.) पाण्याची कड जिथे जमिनीला टेकते ती सगळी एकाच उंचीवर आहे. तिथे खुंट्या ठोका. पाणी उतरलं की नव्या कडेवर पुन्हा ठोका. दोन रांगा जवळ आल्या तर उतार तीव्र, लांब पडल्या तर सपाट. हे मी चार वर्षं इंजिनिअरिंग करून, सर्व्हेइंगच्या पोरांसोबत राहून, कधी ऐकलं नव्हतं.

पोचवायचं कसं? भामरागडसारख्या ठिकाणी पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद, पेन ड्राइव्ह तरी कोण नेणार? पण बाजाराच्या गावात मेमरी कार्डात गाणी भरून देणारी मोबाइलची दुकानं असतात. मावशीनं अशा एका दुकानदाराला फोल्डर दिलं. तो गाण्यांसोबत धडेही भरायचा, धड्यांचे पैसे न घेता.

बाकीच्यांना व्हॉट्सॲप. एका मुलीच्या नंबरवर जुलैपासून एकच टिक होती. तिचा भाऊ बाजाराच्या दिवशी कार्ड भरून घेऊन गेला, एवढं दुकानदारानं सांगितलं. मावशी दर रविवारी तरीही तिला नवा धडा पाठवायची. दिवाळीपर्यंत टिक एकच होती.